बासष्ट सेंटिमीटर तांबडा थर

१

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. रत्नागिरीतल्या एका खासगी भूविज्ञान संस्थेच्या गोदामात डॉ. हरिश्चंद्र शितप खुर्चीत बसल्या जागी मृत आढळले. वय एकसष्ट. गोदाम सांभाळणाऱ्या सगुणा गोरिवले यांनी त्यांना प्रथम पाहिलं. दार उघडं होतं, अंगावर जखम नव्हती, काही चोरीला गेलं नव्हतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि पोलिसांनी ते मान्य केलं.

मृत्यूबद्दल कुणालाच शंका नव्हती. वाद होता तो त्यांच्यासमोर उघड्या असलेल्या पेटीबद्दल.

बोअर मारताना नळीतून दगडाचा जो दांडा वर येतो त्याला इथे सगळे कोर म्हणतात. पूर्णगडजवळ २००९ साली मारलेल्या एका बोअरचा कोर या गोदामात साठ लाकडी पेट्यांत ठेवलेला आहे. पेटी क्रमांक सत्तावीसमध्ये एकशे त्रेचाळीस मीटर खोलीवरचा तांबड्या मातीचा थर आहे. वरखाली काळा दगड, मध्ये हा तांबडा तुकडा. शितपांनी आयुष्यातली सोळा वर्षं या एका तुकड्यावर घालवली होती. त्यांचं म्हणणं असं, की पोफळीच्या जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात दिसणारा तांबडा थर आणि हा थर एकच. मध्ये सरळ रेषेत ऐंशी किलोमीटर अंतर.

लाव्हाचा एक लोट थंड झाला की पुढचा येईपर्यंत मध्ये काळ जातो. त्या काळात राख साचते, तिची तांबडी माती होते. राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यातल्या युरेनियमचं शिसं ठरलेल्या गतीने होत राहतं. किती शिसं झालं ते मोजलं की वय कळतं. पूर्वीच्या मोजणीत तीन-चार लाख वर्षांची चूक धरावी लागे आणि तेवढ्यात कित्येक लोट येऊन जातात. आता चूक तीस हजारांवर आली आहे. दोन थर एकच आहेत की नुसते सारखे दिसतात, ते आता सांगता येतं.

पोफळीचा थर मोजून झाला होता : सहा कोटी छप्पन्न लाख वर्षं. पूर्णगडचा नमुना शितपांनी आपणहून परदेशी प्रयोगशाळेकडे पाठवला. गुरुवार, ६ फेब्रुवारीला उत्तर आलं. ते टेबलावर होतं.

नमुना नैसर्गिक नाही, असं त्यात लिहिलं होतं. मातीत तांदळाची खळ सापडली. भाताच्या तुसाचे कण सापडले. काही स्फटिकांचं वय अडीचशे कोटी वर्षं निघालं, जे त्या थरात असूच शकत नाही. पाकिटाचं सील शाबूत होतं आणि सीलवर सही शितपांची होती.

दुसऱ्या दिवशी संस्थेने नोटीस दिली. बनावट नमुना जाणूनबुजून पाठवल्याचा आरोप. उत्तराला मुदत दहा दिवस. १७ तारखेला संध्याकाळी पाच वाजता ती संपत होती. उत्तराचा कागद पेटीशेजारी होता. त्यावर तारीख होती, विषय होता आणि ‘महोदय’ होतं. पुढे काही नव्हतं.

२

२४ फेब्रुवारीला शितपांची मुलगी वेदिका पोफळीला गेली. ती रत्नागिरीत फिजिओथेरपिस्ट आहे, वय चौतीस. ज्यांच्याकडे ती गेली त्या ईशा भाटकर निवृत्त भूवैज्ञानिक. बोगद्यात शितपांबरोबर चार वर्षं काम केलेल्या. पोफळीचा नमुना त्यांनीच स्वतः काढून दिला होता.

“संस्थेचे सचिव म्हणतात, आता उत्तर द्यायचं तर घरच्यांनी द्यावं,” वेदिका म्हणाली. “बारा मार्चला बैठक आहे. तोवर काही आलं नाही तर आरोप सिद्ध धरणार. बाबांचे सगळे पेपर मागे घेणार.”

“सचिव कोण आता? दीपक सुर्वे?”

“हो. परवा घरी भेटायला आले होते. काकडी कापून देत होते सगळ्यांना. आणि निघताना म्हणाले, बारा तारीख विसरू नको.”

वेदिकाने आणलेलं प्रयोगशाळेचं पत्र ईशाबाईंनी दोनदा वाचलं. “तुला काय वाटतं?”

“मला दगडातलं काही कळत नाही. बाबांनी खोटं केलं की नाही, एवढंच हवंय.”

“आणि केलं असेल तर?”

“तर तेही तुम्हीच सांगा. सुर्व्यांच्या तोंडून नको.”

ईशाबाईंनी विचारलं, की मागच्या वर्षी नमुना कापताना शितपांची तब्येत कशी होती. वेदिका म्हणाली, कोविडनंतर त्यांना डाव्या डोळ्याने जवळपास दिसत नव्हतं. उजवाही अधू. ते कुणाला सांगायचे नाहीत. घरी मासे खायला बसले की बोटांनी काटे शोधायचे आणि आई बघितलं न बघितलंसं करायची.

“म्हणजे तुकड्यात तूस दिसलं नसेल.”

“तुम्हाला तसं हवंय की तसं आहे?”

“हा प्रश्न तुझ्या बाबांचा आहे,” ईशाबाई म्हणाल्या. “बोगद्यात रोज विचारायचा.”

३

डॉ. सुजय मयेकर शितपांचे विद्यार्थी, आता त्याच संस्थेत. दोन थर एक नाहीत, पूर्णगडचा अलीकडचा आहे, असं त्यांनी दोन वर्षांपूर्वी छापलं होतं. गोदामाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते. गुरुवारी, २७ तारखेला, ते ईशाबाईंना गोदामाच्या दारातच भेटले.

“मॅडम, विचारा. मीच पहिला संशयित असणार.”

“दुसरे. पहिला गेला.”

सुजयना हसू आलं नाही. “सर गेल्यापासून लोक माझ्याशी बोलताना घड्याळ बघतात. मी त्यांच्याविरुद्ध लिहिलं, पण त्यांना दाखवून लिहिलं. स्वल्पविराम त्यांनी दुरुस्त केले होते.”

“नमुना बनावट आहे असं तुम्हाला वाटतं?”

“बनावट आहेच. प्रश्न कुणी केला.” ते आत गेले आणि पेटी सत्तावीसवरचं कापड काढलं. “मी जानेवारीत सगळ्या तांबड्या तुकड्यांची लांबी मोजली. माझ्या कामासाठी. ही माती वाळत जाते, आकसते. पेटी अकरामधला तुकडा २००९ साली अठ्ठेचाळीस सेंटिमीटर होता, आज पंचेचाळीस आहे. एकोणचाळीसमधला तीस होता, आता साडेअठ्ठावीस. सगळे कमी झालेत. हा एकच आकसला नाही. सरांनी खालून पाच सेंटिमीटर कापून पाठवला ते धरून बरोबर बासष्ट. पहिल्या दिवशी नोंदलं तेवढाच.”

“म्हणजे हा मूळ तुकडाच नव्हे.”

“नव्हे. आणि खरं सांगू? मूळ तुकडा नाहीसा करायचं कारण एकाच माणसाला होतं. खरा नमुना गेला असता तर दोन थर वेगळे निघाले असते. नमुनाच बिघडला तर निकाल लागत नाही. सोळा वर्षं वाचतात.” त्यांनी कापड परत घातलं. “हे मी सुर्व्यांना सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगावं लागेल.”

ईशाबाईंनी तुकड्यावरून बोट फिरवलं. पृष्ठभाग गुळगुळीत होता, कोरापेक्षा गुळगुळीत. बोअरच्या नळीचे बारीक वळसे त्यावर नव्हते.

“मयेकर, तुम्हाला बनावट तुकडा करायचा असता तर किती लांबीचा केला असता?”

“साठ. एकोणसाठ.” ते थांबले. “आकसलेला.”

“शितपांनीही साठच केला असता. आणि तूस कशाला घातलं असतं? दुसऱ्या पेटीतली तांबडी माती हाताशी असताना?”

ज्याने हे केलं त्याला माती आकसते हे ठाऊक नव्हतं, किंवा त्याची त्याला पर्वा नव्हती. त्याला फक्त आकडा जुळवायचा होता. पण असा माणूस या गोदामात कोण?

४

विनोद तांडेल संस्थेचा ड्रायव्हर, पूर्णगडचा. सप्टेंबरात नमुन्याचं पाकीट मुंबईला त्यानेच नेलं. पण ज्या दिवशी निघायचं त्याच्या दुसऱ्या दिवशी गणपती होते आणि पाकीट दोन दिवस त्याच्या घरी राहिलं, हे सगळ्या संस्थेला माहीत होतं. शनिवारी त्याने ते आपणहून सांगितलं.

“देवासमोर ठेवलं होतं मॅडम. दुसरी सुरक्षित जागा कुठली? घरात पंचवीस माणसं, त्यातली अकरा पोरं.”

“आणि मोदकांचं पीठ?”

“होतं की. पण पाकिटाच्या आत कसं जाईल? जाईल काय?” तो घाबरला होता. “सरांनी माझ्यासमोर सील केलं होतं. मी हात लावला तर हात गळून पडो.”

“पाठवताना कापलं कुठून, वरून की खालून?”

“खालून. सर म्हणाले, वरची कड कधी तोडायची नाही. तिथे काळा दगड लागतो, ती खूण. उद्या कुणाला पडताळायचं झालं तर ती पाहिजे.”

ईशाबाईंनी त्याला सोडून दिलं. खळ पाकिटावर चिकटलेली नव्हती, मातीच्या आत मुरलेली होती. पत्रातल्या फोटोत ते स्पष्ट होतं. घरात सांडलेलं पीठ मातीत मुरत नाही.

जाताना विनोद म्हणाला, “आता नवा बोअर मारा ना त्याच जागी. पण तिथे काँक्रीट झालंय मॅडम. आमची मासळी तिथेच सुकते.”

मग ईशाबाईंनी मोजणीची वही मागवली. शितपांचा एक नियम होता. दर वर्षी ३१ मे रोजी, पावसाच्या आधी, प्रत्येक पेटीतला प्रत्येक तुकडा टेपने मोजायचा आणि लिहायचा. सुजयनी ही वही कधी उघडली नव्हती. त्यांच्या लेखी ती सरांची सवय होती.

पेटी सत्तावीस, तांबडा तुकडा. २००९ : बासष्ट. २०१५ : एकसष्ट. २०२० : साठ पूर्णांक दोन. हे सगळे आकडे शितपांच्या हातचे.

२०२१ : बासष्ट.

वाळून आकसलेली माती एका वर्षात एक पूर्णांक आठ सेंटिमीटर वाढली होती.

जे घडलं ते ३१ मे २०२० आणि ३१ मे २०२१ यांच्या मध्ये घडलं होतं. खडकाचं वय काढतानाही आधी हेच करतात : वरचा थर कधीचा, खालचा कधीचा, म्हणजे मधला त्या दोन तारखांच्या आत. ईशाबाईंनी त्या वर्षाची हजेरी काढली. सुजय २०२१ च्या मार्चपासून जुलैपर्यंत पुण्यात अडकलेले. विनोदला गाडीसकट रुग्णवाहिकेच्या कामाला घेतलेलं. शितप ४ मे पासून मुंबईच्या रुग्णालयात, प्राणवायूवर. १६ मे रोजी तौक्ते वादळ रत्नागिरीवरून गेलं.

२०२१ च्या ओळीतलं अक्षर शितपांचं नव्हतं. ते मोठं, जपून काढलेलं, शाळा सातवीत सोडलेल्या माणसाचं अक्षर होतं. त्या महिन्यात शितपांची किल्ली एकाच व्यक्तीकडे होती.

५

सगुणा गोरिवले पावस गावाच्या वाटेवर गोळपला राहतात. वय अठ्ठावन्न, गोदामात एकोणीस वर्षं. ४ मार्चला ईशाबाई त्यांच्या अंगणात बसल्या होत्या. पलीकडे वळचणीखाली एक नवी चूल वाळत होती. तिच्या कडा इतक्या सरळ होत्या की जणू फूटपट्टी लावून कापल्या असाव्यात.

“ही कुणासाठी?”

“वाडीतल्या पोरीला देयाची. लगीन झालं, सासरी गॅस हाय, पण पाणी तापवायला चूल लागतेच. आमच्याकडे सगळी माझ्याकडनंच नेतात.” सगुणाबाईंनी पुढे पाणी आणि गूळ ठेवला. “खा बाय. तुमी सरांच्या बोगद्यातल्या ना? सर बोलायचे तुमच्याबद्दल. एकदा बोलले, ईशानं मला हातातनं दिवा काढून मारला व्हता.”

“मारला नव्हता. हातातून पडला.”

“तेच बोलले. पडला असं ती सांगेल.”

ईशाबाई हसल्या. मग त्यांनी आवाज न बदलता विचारलं, “सगुणा, वादळात पेट्यांचं काय झालं होतं गं?”

सगुणाबाईंनी काही लपवलं नाही. त्यांना लपवायचं कारण माहीत नव्हतं.

“पत्रे उडाले ओ. मी गेले तर गोदामात घोट्याएवढं पाणी. काळ्या दगडाला काय व्हतं, तो आपला हाय तसा. बाकीचे लाल तुकडे आतल्या बाजूला, ते वाचले. सत्ताविसात बघते तर नुस्ता लाल चिखल. मी तिथंच बसले. सरांची पेटी ती. सर रोज सकाळी आले की पयली तीच उघडायचे.”

“मग?”

“सर तिकडे, नाकाला नळी. वयनींनी फोनवर सांगितलं, सगुणा, त्यांच्या कानावर कायव घालू नको. मग म्या इचार केला. पेटीच्या कडेला सरांच्या हातची पाटी व्हती, बासष्ट. सर नेमी बोलायचे, सगुणा, यातला एक कण हलता कामा नये. म्हटलं, नाय हलणार. सगळा चिखल टिपून घेतला. फळीच्या फटीतला सुद्धा काडीनं काढला. तरी कमी पडला, पाण्याबरोबर गेला असणार. मग घरची माती घातली, खालच्या अंगाला. वरती सरांची, खाली माझी.”

“ही इथली?”

“छे. ही जांभ्याची माती, चुलीला धरत नाय, फुटते. माझं माहेर राजापूरकडे. तिकडची चिकट. दर सालाला गोणी आणते चुलीसाठी. त्यात तूस घातला, पेजेचं पाणी घातलं. ते नाय घातलं तर वाळताना भेगा जातात. पायपाचा अर्धा तुकडा घेतला, त्यात दाबला, आठ दिवस सावलीत ठेवला. मगे टेप लावला.” त्यांनी दोन बोटं एकमेकांना टेकवून दाखवली. “बासष्ट. सूतभर इकडे नाय, सूतभर तिकडे नाय.”

राजापूरकडच्या ओढ्यांत फार जुन्या खडकांची वाळू येते. अडीचशे कोटी वर्षांचे स्फटिक तिथले होते, आणि नमुना खालूनच कापलेला होता. ईशाबाईंनी हे मनात नोंदवलं आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.

“शितपांना कधी सांगितलंस?”

“तेव्हा नाय. ते आले ते अर्धे होऊन आले. पेटी बघितल्यानी, हात लावल्यानी, नि बोलले, सगुणा, ही वाचली म्हणजे सगळं वाचलं. डोळ्यात पाणी व्हतं त्यांच्या. मगे कशाला सांगू? आता गेल्या म्हयन्यात त्यांनीच इचारलन. सोमवार व्हता. जायच्या आदल्या सोमवारी.”

म्हणजे १० फेब्रुवारी. पत्र येऊन चार दिवस झालेले.

“काय विचारलं?”

“बोलले, चूल अजून घालतेस काय गो? म्हटलं, घालते. बोलले, कशी घालतेस ते सांग. म्या सांगितलं, माती, तूस, पेज. ऐकत राह्यले. मगे माझंच तोंड सुटलं. म्हटलं सर, एक सांगायचं राह्यलंय, नि सगळं सांगितलं. वादळाचं नि त्या तुकड्याचं.”

“रागावले?”

“रागावतील कशाला? तुकड्यावरनं हात फिरवत बसले लई वेळ. मगे बोलले, छान केलंस. माझ्या हातनं एवढा सरळ झाला नसता.” सगुणाबाईंनी पदराने तोंड पुसलं. “एकोणीस वर्सात मला छान केलंस असं त्या दिवशीच बोलले. बाकीच्या टायमाला आपलं, हं, ठेव तिकडे.”

ईशाबाई उठायला लागल्या.

“बाय, एक इचारू? सरांचं काय तरी अडलंय म्हणतात. सोमवारी मी त्यांना बघितलं तेव्हा समोर कागद व्हते. विंग्रजी. त्यात काय हाय? मला कोण सांगत नाय.”

“वयाचा वाद आहे.”

“कुणाच्या?”

“दगडाच्या.”

“एवढंच ना,” सगुणाबाई म्हणाल्या. “मगे मिटेल.”

६

अहवाल सहा पानांचा झाला. गुरुवारी, ६ मार्चला, ईशाबाईंनी तो वेदिकाच्या क्लिनिकमध्ये तिच्या हातात दिला. शेवटचा पेशंट गेलेला होता. वेदिकाने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या पानावर बसली.

“म्हणजे दहा तारखेला बाबांना सगळं कळलं होतं.”

“हो.”

“सात दिवस हातात होते. चार ओळी लिहायच्या होत्या. वादळात भिजला, बाईने दुरुस्त केला, मला माहीत नव्हतं. संपलं.”

“त्या चार ओळींत तिचं नाव आलं असतं.”

“मग येऊ दे ना. तिने केलंय.” वेदिकाचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “सगुणामावशी मला दहावीच्या क्लासवरून आणायची. माझ्या लग्नात तिने रात्रभर पानं लावली. तिला हे कळलं की तिच्या त्या तुकड्यामुळे बाबांना ते पत्र आलं, आणि त्या पत्रामुळे...”

तिने पानं टेबलावर पालथी ठेवली.

“तिचं नाव न घालता लिहा,” वेदिका म्हणाली. “अज्ञात व्यक्ती.”

“लिहून पाहिलं. अज्ञात लिहिलं की सुर्वे विचारणार, किल्ली कुणाकडे. त्यांच्या नोंदीत दोनच नावं आहेत, शितप आणि मयेकर. एकतर आरोप तुझ्या बाबांवर राहतो, नाहीतर सुजयवर जातो. सुजयने हे केलेलं नाही.”

“मग तिला वाचून दाखवणार ते?”

“नियम आहे. नाव आलं की बोलावून, मराठीत वाचून, सही घ्यायची.”

वेदिकाने पानं परत चाळली. “आणि दगडाचं काय? बाबांचं बरोबर होतं का?”

“तुकड्याच्या वरच्या कडेपाशी नऊ खपल्या सापडल्या. नखाएवढ्या, वरच्या लाव्हाने भाजलेल्या, पाण्याने न विरघळलेल्या. त्या मूळ आहेत. त्यांच्यात झिरकॉन असतील तर वय निघेल, तीस हजारांच्या चुकीत. पण आरोप आहे तोवर संस्था त्या पेटीतलं काही बाहेर पाठवणार नाही.”

“म्हणजे हे दिलं तरच.”

“दिलं तरच.”

वेदिकाने विचारलं, त्या सात दिवसांत बाबांनी काय ठरवलं होतं असं वाटतं. शेवटच्या सकाळी ते कागद घेऊन गोदामात का गेले, लिहायला की न लिहायला? ईशाबाई म्हणाल्या, दोन्हीला पुरावा नाही. जे अहवालात नाही ते आपण सांगू शकत नाही. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिल्या, बराच वेळ, काच स्वच्छ असताना. त्यांची चिपळूणची गाडी सव्वासातची होती. ती चुकली.

मंगळवारी, ११ मार्चला, सगुणा गोरिवले शिमग्यासाठी माहेरी जायला निघाल्या. वाटेत पावणेचारला त्या क्लिनिकमध्ये थांबल्या. पालखी गुरुवारी वाडीत येते, तिच्याआधी घर सारवायचं होतं, म्हणून घाई होती.

“उद्या सरांचं हाय ना गो?” त्यांनी वेदिकाला विचारलं. “विनोद बोलला, उद्या बैठक.”

“हो, मावशी.”

“मला बोलावणार असतील तर थांबते. मोजणीचं काय इचारायचं असेल तर माझ्याशिवाय कोण सांगणार? वही माझ्याच हातची हाय आता.”

“नको,” वेदिका म्हणाली. “तू जा. गाडी चुकेल.”

“नक्की?”

वेदिकाने त्यांची पिशवी उचलून रिक्षात ठेवली. रिक्षा वळेपर्यंत ती रस्त्यावर उभी होती, असं समोरच्या मेडिकलवाल्याने सांगितलं.

सचिव दीपक सुर्वे यांचं कार्यालय त्या दिवशी सव्वापाचला बंद झालं. तोवर डॉ. शितप यांच्या वतीने कोणतंही उत्तर दाखल झालेलं नव्हतं. बैठक उद्या सकाळी अकराला आहे.